जाहिरातीचं बजेट नसलेलं पुस्तक

प्रकाशकांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं की छपाई, विक्रेत्यांपर्यंत पोहोचवणं आणि परीक्षणासाठी काही प्रती पाठवणं एवढं ते करतील. जाहिरातीसाठी पैसे नाहीत. मला ते पटलं. नव्या लेखिकेचा कथासंग्रह विकून जे सुटतं, त्याहून वर्तमानपत्रातली एक जाहिरात महाग पडते. म्हणजे पुस्तक वाचकांपर्यंत नेण्याचं काम माझ्याकडे आलं आणि त्यासाठी हाताशी होता वेळ, फोन आणि पुस्तकाचा विषय. यातला विषय सगळ्यात जास्त कामाला आला, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

संग्रहातल्या सगळ्या कथा रात्रपाळी करणाऱ्या माणसांच्या आहेत. वॉर्डातली सिस्टर, छापखान्यातला मशीनमन, रुग्णवाहिकेचा चालक, कॉल सेंटरमधली मुलगी, सोसायटीचा वॉचमन. पुस्तक कोणासाठी आहे असं विचारलं की आपण सहसा म्हणतो, सगळ्यांसाठी. पण सगळ्यांचा पत्ता कुठेच मिळत नाही. मी वहीत प्रश्न उलट्या बाजूने लिहिला: हे पुस्तक उघडल्यावर स्वतःची रात्र कोणाला सापडेल? उत्तरं भराभर आली. रात्री काम करणारे तर होतेच, पण त्यांच्या घरचेही होते. दिवसा झोपलेल्या बापाची झोप मोडू नये म्हणून दबक्या आवाजात खेळलेली मुलंही माझी वाचक होती. प्रत्येक नावापुढे मी आणखी एक रकाना आखला. ही माणसं कुठे थांबतात, केव्हा मोकळी असतात, त्या वेळी त्यांच्या हातात काय असतं? रात्री दोन ते चार हा काळ जागं राहायला सगळ्यात कठीण, हे कथांसाठी माणसांशी बोलताना मला कळलेलं होतं. त्या वेळी पुस्तक धरायला हात मोकळे नसले तरी कान बरेचदा मोकळे असतात. पुढची सगळी आखणी या रकान्यातून निघाली.

पहिलं काम छापखान्यात झालं. मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ मिळून एक आडवा तुकडा होतो. तो मोठ्या शीटवर बसवून छापतात. शीटच्या कडेला जी पट्टी उरते, ती कटिंगमध्ये रद्दीत जाते. मशीनवरच्या दादांना मी विचारलं, "या पट्टीत बुकमार्क बसतील का?" त्यांनी पट्टी लावून मोजलं, पेन्सिलीने दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "दोन इंच बाय सहा इंच. एका शीटला दोन निघतील. ताई, आधी का नाही कोणी विचारत?" कागद मुखपृष्ठाचाच, ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जाड कागद, लॅमिनेशनही त्याच फेरीत. जादा खर्च होता तो डिझाइन शीटवर बसवण्याचा आणि कटिंगच्या एका वाढीव घावाचा. प्रकाशकांनी जागच्या जागी होकार दिला. ज्यांचं पुस्तक छपाईला जायचं आहे, त्यांनी छपाईची प्लेट बनण्याआधी हा प्रश्न विचारावाच. प्लेट बनली की ती जागा गेली. लॅमिनेशन एकाच बाजूला असल्याने मागची बाजू कोरी राहिली आणि तिथे बॉलपेनने छान लिहिता येत होतं. प्रत्येक बुकमार्कवर, ज्याला द्यायचा त्याचं नाव मी स्वतः लिहायचे.

बुकमार्कवर कथेतलं एक वाक्य होतं, पुस्तकाचं नाव होतं आणि खाली क्यूआर कोड. हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने गाड्यांचे सुटे भाग नोंदवण्यासाठी तयार केला. कारखान्यात तो मळणार, खरचटणार, हे गृहीत धरून त्यात चुका भरून काढण्याची सोय ठेवलेली आहे. सगळ्यात वरची पातळी निवडली तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. खिशात, डब्याच्या पिशवीत, औषधांच्या ट्रॉलीवर फिरणाऱ्या बुकमार्कला हीच पातळी हवी होती. कोडभोवती पांढरी मोकळी कड लागते, ती डिझाइनच्या हौसेपायी कापू नये. पांढऱ्यावर गडद रंग सोडून दुसरं काही करू नये. मी छापण्याआधी खऱ्या मापाचा नमुना काढून घरातले सगळे दिवे बंद केले आणि एका लहान दिव्याच्या उजेडात निरनिराळ्या फोनवर तो स्कॅन करून पाहिला, कारण वाचणारी माणसं अशाच उजेडात बसलेली असणार होती. कोड थेट फाइलकडे नेला नाही. माझ्या स्वतःच्या एका वेबपानाकडे नेला, म्हणजे बुकमार्क वाटून झाल्यावरही त्या पानावर काय ठेवायचं ते मला बदलता येतं.

त्या पानावर विक्रीची लिंक सगळ्यात खाली होती. सगळ्यात वर एक आख्खी कथा होती, माझ्या आवाजात.

याबद्दल लेखक मित्रांशी माझे बरेच वाद झाले. फुकट कथा दिली तर पुस्तक कोण घेईल, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, अनोळखी लेखिकेचं पुस्तक न घेण्याचं खरं कारण किंमत नसतं. आत काय आहे याचा अंदाज नसतो, हे असतं. एक पूर्ण कथा तो अंदाज देते. अर्धी कथा तोडून "पुढे वाचा पुस्तकात" असं म्हटलं की ऐकणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. द्यायची तर पूर्ण द्यावी आणि संग्रहातली चांगली द्यावी.

रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओ घेतला नाही. कपड्यांनी भरलेल्या कपाटाचं दार उघडून त्याच्यासमोर बसले, पाठीमागे दोरीवर गोधडी टाकली, पंखा बंद केला आणि फोन तोंडापासून वीतभर लांब, थोडा बाजूला धरला. समोर धरला की प आणि फ उच्चारताना हवेचा झटका बसतो. कापड आवाज शोषून घेतं, त्यामुळे खोलीचा घुमारा जातो. माझ्या वेगाने बारा-तेराशे शब्दांची कथा दहा-अकरा मिनिटांत होते आणि ती लांबी कामाच्या मधल्या विश्रांतीला पुरते. वाचायला घेण्याआधी करार मात्र नीट वाचला. ध्वनिमुद्रणाचे हक्क कोणाकडे आहेत, हे त्यात लिहिलेलं असतं. माझ्या करारात ते प्रकाशकांकडे होते, म्हणून एका कथेपुरती परवानगी लेखी मागितली. ती दोन ओळींच्या ईमेलने मिळाली. नाती चांगली असली तरी असा कागद असावा.

आता व्हॉट्सअ‍ॅप. पुस्तकाचं मुखपृष्ठ पन्नास ग्रुपवर टाकणं मी पहिल्यापासून टाळलं. ज्या ग्रुपवर लग्नाचे निरोप आणि पाण्याच्या तक्रारी येतात, तिथे आपलं पुस्तक कोणी मागितलेलं नसतं. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी केली, म्हणजे एकच निरोप यादीतल्या प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलेला असतो, त्यांनाच निरोप पोहोचतो. अनेकांना ही अडचण वाटते. मला ती फार उपयोगी वाटली. पानावर मी लिहिलं: नंबर सेव्ह करा आणि "कथा" एवढा एक शब्द पाठवा. ज्याने एवढं केलं, त्याने आपण होऊन दार उघडलं. यादी हळूहळू वाढली, पण तिच्यातला प्रत्येक जण स्वतः आलेला होता आणि "नको" म्हटलं की लगेच काढला जात होता.

यादीवर एक लांब कथा रोज रात्री थोडी थोडी पाठवली. हा मार्ग फार जुना आहे. चार्ल्स डिकन्सची पहिली कादंबरी १८३६ पासून महिन्याला एक भाग अशी बाहेर पडली. सुरुवातीचे भाग जेमतेम खपले आणि शेवटच्या भागांची छपाई ४०,००० प्रतींपर्यंत गेली. मधल्या काळात लोक एकमेकांना पुढे काय झालं ते सांगत राहिले, भाग एकमेकांना वाचून दाखवत राहिले. माझ्या यादीवर आकडे अर्थातच लहान होते, पण घडलं तेच. भाग आला नाही की रात्री बारानंतर "आज नाही का?" असे निरोप यायचे. त्यांना मी त्याच रात्री उत्तर द्यायचे. दिवसा पाठवलेल्या उत्तरावर फारसं काही येत नसे. रात्री पाठवलेल्या उत्तरावर मात्र माणसं स्वतःबद्दल लिहायची.

पुढे पाठवा, असं मी कोणाला सांगितलं नाही. एप्रिल २०२० पासून अनेकदा पुढे गेलेला निरोप एका वेळी एकाच चॅटवर पाठवता येतो. शिवाय त्यावर तशी खूण दिसते आणि ती दिसली की लोक न वाचता सरकवतात. त्याऐवजी सांगायचे: ही कथा ज्या एका माणसासाठी आहे असं तुम्हाला वाटतं, त्याला तुमच्या शब्दांत दोन ओळी लिहा आणि पानाची लिंक द्या. हे थोडेच जण करतात, पण जे करतात त्यांचा शब्द जड असतो.

फुकट प्रती कोणाला द्यायच्या, यावर मी बराच विचार केला. लेखकाला करारानुसार मिळणाऱ्या प्रती पाहुण्यांत आणि मित्रांत सहज संपतात. ती माणसं प्रेमाने घेतात, पण त्यांच्याकडून पुस्तकाचा प्रवास पुढे होईलच असं नाही. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर या इंग्लिश लेखिकेने १९०१ साली आपलं सशाचं पहिलं गोष्टीचं पुस्तक स्वखर्चाने छापलं तेव्हा प्रती होत्या फक्त २५०. पुढच्याच वर्षी ते मोठ्या प्रकाशकाकडून आलं. थोड्या प्रती योग्य हातांत गेल्या तर पुरतात, हा धीर मला त्या आकड्याने दिला. माझ्या प्रती मी मेट्रनना, म्हणजे हॉस्पिटलमधल्या सिस्टरांच्या प्रमुखांना दिल्या, वॉचमनच्या एजन्सीत ड्युटी लावणाऱ्या काकांना दिल्या, वाचनालयांच्या ग्रंथपालांना दिल्या. सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी असायची आणि तिच्यात कोणती कथा त्यांच्यासाठी आहे त्याचा पान क्रमांक.

महिनाभराने फोन करायचा तो "पुस्तक कसं वाटलं?" असं विचारायला करू नये. त्यावर "छान आहे" हेच उत्तर येतं. मी विचारायचे, "कोणत्या कथेत थांबावंसं वाटलं?" मग माणूस बोलतो. एका मेट्रनबाईंनी सांगितलं की कथेतली सिस्टर पहाटे खिडकी उघडते, ती जागा त्यांनी दोनदा वाचली, कारण त्याही तेच करतात. हे वाक्य मला मलपृष्ठासाठी हवं होतं. मी ते लिहून काढलं, त्यांना वाचून दाखवलं, नाव छापू का असं विचारलं आणि होकार आल्यावरच वापरलं. १८५५ साली अमेरिकन विचारवंत इमर्सन यांनी कवी वॉल्ट व्हिटमन यांना त्यांच्या कवितासंग्रहाबद्दल कौतुकाचं खासगी पत्र लिहिलं. व्हिटमन यांनी ते न विचारता वर्तमानपत्रात छापू दिलं आणि पुढच्या वर्षी संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर त्यातलं एक वाक्य सोनेरी अक्षरांत, इमर्सन यांच्या नावासह उमटवलं. त्यांची कविता मोठी आहे, पण हा रस्ता मला मान्य नाही. वाचकाचं वाक्य त्याचंच असतं. विचारलं की लोक सहसा हो म्हणतात आणि विचारल्याचा त्यांना आनंदही होतो.

ऑनलाइन अभिप्रायांबाबतही मी घरच्यांना आधीच सांगून ठेवलं की तुम्ही लिहू नका. अ‍ॅमेझॉनच्या नियमांत लेखकाच्या कुटुंबीयांनी आणि जवळच्या मित्रांनी अभिप्राय लिहायला मनाई आहे आणि असे अभिप्राय काढून टाकले जातात. पण नियम नसता तरी मी हेच केलं असतं. पाच अनोळखी वाचकांनी लिहिलेल्या साध्या ओळी वाचताना नवीन माणसाला जो विश्वास वाटतो, तो नात्यातल्या पन्नास स्तुतींनी येत नाही.

ई-पुस्तकासाठी एक गोष्ट केली, ती थोडक्यात सांगते. दुकानाच्या पानावर पुस्तकाचा जो नमुना दिसतो, तो सुरुवातीच्या काही पानांचा असतो. अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, लांबलचक मनोगत आणि प्रस्तावना पुढे असली की नमुना तिथेच संपतो आणि कथेची एकही ओळ वाचकाला दिसत नाही. संपादकांशी बोलून मनोगत आणि ऋणनिर्देश शेवटी नेले, सगळ्यात छोटी कथा पहिली लावली. नमुन्यात ती पूर्ण येते. तसंच माझं नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहिलं जाईल याची खातरजमा केली, म्हणजे शोधताना पुस्तक आणि लेखिका वेगवेगळ्या पडत नाहीत.

पुस्तकाचा व्हिडिओ ट्रेलर केला नाही. ज्यांना जमतो त्यांनी करावा. मला तो वेळ रेकॉर्डिंगला द्यावासा वाटला.

या सगळ्यात ज्याने पुस्तक खऱ्या अर्थाने चालतं केलं, ते होतं स्टाफरूममधलं वाचन. मेट्रनबाईंनी रात्रपाळी सुरू होण्याआधीचा अर्धा तास दिला. स्टेज नव्हतं, माइक नव्हता. भिंतीला लागून बाकं, एका टेबलावर ड्युटीची वही आणि पाण्याची बाटली. मी कथेची दोन पानं वाचली आणि थांबून एका सिस्टरला म्हटलं, "पुढचं तुम्ही वाचाल का?" त्या आधी लाजल्या, मग पुस्तक घेतलं. कथेत एक म्हातारे पेशंट रात्री पुन्हा पुन्हा किती वाजले म्हणून विचारतात आणि सिस्टर दर वेळी नव्याने उत्तर देते. मी ते संवाद वाचताना सिस्टरच्या आवाजात थोडा थकवा आणायचे. या बाईंनी तो अजिबात आणला नाही. प्रत्येक उत्तर पहिल्यांदाच दिल्यासारखं, सरळ, मऊ आवाजात वाचलं. खोली एकदम गप्प झाली. मग कोपऱ्यातून एकीने सांगायला सुरुवात केली, आमच्याकडे एक आजी होत्या. तिचं संपेपर्यंत दुसरी तयार होती. माझं पुस्तक बाजूला राहिलं आणि मला तेच हवं होतं.

त्या सांगण्यातून पुढची कल्पना निघाली. मी विचारलं, तुम्ही सांगितलेलं मी दहा-बारा ओळींत लिहून यादीवर पाठवू का? पेशंटचं नाव नाही, हॉस्पिटलचं नाव नाही, ओळख पटेल असं काही नाही. सांगणाऱ्याचं नाव त्याला हवं तरच. लिहिलेलं आधी त्यांना दाखवायचं, त्यांनी हो म्हटल्यावरच पाठवायचं. अशी नोंद आता आठवड्याला एक जाते. कधी वॉचमन काकांची, कधी रुग्णवाहिकेच्या चालकाची. ज्याची नोंद असते, तो ती आपल्या घरी दाखवतो, सोबतच्यांना दाखवतो आणि विचारलं की सांगतो, एक बाई आहे, तिने आमच्यावर पुस्तक लिहिलंय. माझ्या पुस्तकाची याहून चांगली ओळख मला स्वतःला कधी करून देता आली नसती. नोंदीखाली पुस्तकाबद्दल मी एकच ओळ टाकते, तीही दर वेळी टाकत नाही. माणूस आपलं काही सांगत असताना त्याच्या शेजारी सारखं विकत बसणं मला शोभत नाही.

स्टाफरूममध्ये एक छोटं शेल्फही ठेवलं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावी २००९ साली टॉड बोल यांनी घरासमोर एक लाकडी पेटी लावून त्यात कोणीही न्यावीत, ठेवावीत अशी पुस्तकं ठेवली. पुढे त्यातून लिटल फ्री लायब्ररी उभी राहिली. मी तेच केलं, फक्त शेल्फवर माझं पुस्तक एकटं ठेवलं नाही. घरातली वाचून झालेली पुस्तकंही ठेवली. एकाच पुस्तकाचं शेल्फ जाहिरात वाटतं आणि लोक त्याला हात लावत नाहीत. वेगवेगळी पुस्तकं असली की माणसं चाळायला येतात, मग त्यात माझंही उचललं जातं. माझी प्रत परत येताना बरेचदा तिच्यात पेन्सिलीच्या खुणा असतात. त्या मी खोडत नाही.

सध्या आणखी दोन लेखकांबरोबर काम चालू आहे. एकाचं पुस्तक लांब पल्ल्याच्या प्रवासावर आहे, एकीचं घरी आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांवर. तिघांचे वाचक एकमेकांत मिसळलेले आहेत, म्हणून ग्रंथप्रदर्शनात एक टेबल तिघांत घ्यायचं ठरलं आहे. भाडं तिघांत वाटलं की कोणालाच जड जात नाही. नियम एकच केला आहे: टेबलाशी आलेल्या माणसाला आपलं पुस्तक आपण दाखवायचं नाही, दुसऱ्याचं दाखवायचं. त्यासाठी तिघांनीही एकमेकांची पुस्तकं शेवटपर्यंत वाचायला घेतली आहेत. मी काळजी घेणाऱ्यांच्या पुस्तकाच्या मध्यावर आहे. त्यातलं कोणतं पान कोणाला उघडून दाखवायचं, त्याच्या चिठ्ठ्या लावत चालले आहे.